वारसा नसलेली बुद्धी : ऑक्टोपस ओळखण्याचा इतिहास

समुद्राचे दर्शन पिढ्यान्‌पिढ्या क्वचितच घडलेल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांतही समुद्राची एक खूण जपलेली असे. बाळगुटीच्या डब्यात वेखंड, मायफळ, हळकुंड, मुरूडशेंग यांच्या शेजारी एक पांढराशुभ्र, वजनाला अगदी हलका आणि नखाने खरवडला तर पीठ पडणारा लांबट तुकडा असे. त्याला कोणी समुद्रफेन म्हणत, कोणी समुद्रफेस. मुलाचा कान वाहू लागला की त्याची चिमूटभर पूड कामी येई. घरात पोपट असला तर त्याच्या पिंजऱ्याच्या तारेतही असाच एखादा तुकडा अडकवलेला दिसे. समुद्राचा फेस उन्हात वाळून घट्ट झाला की हा पदार्थ तयार होतो, अशी आमची लहानपणीची समजूत होती आणि नावावरून तसे वाटणे स्वाभाविकही होते. पुढे केव्हातरी कळले की, तो फेस नव्हे. सेपिया अथवा कटलफिश नावाच्या सागरी प्राण्याच्या पाठीत दडलेले ते कवच होय. त्यात अतिशय पातळ पोकळ्यांचे थर असतात आणि त्यांतील वायू व द्रव यांचे प्रमाण कमीअधिक करून तो प्राणी पाण्यात हवा तितका वर-खाली राहू शकतो.

या प्राण्याचे गणगोत मोठे आहे. कोकण-गोव्याच्या मासळीबाजारात म्हाकूळ, माणकी अशा नावांनी विकले जाणारे स्क्विड हे त्याचे भाऊबंद. ज्याला मराठी शास्त्रलेखनात अष्टपाद किंवा अष्टभुज म्हटले जाते तो ऑक्टोपस हाही याच कुळातला. बाहू थेट डोक्यालाच फुटलेले असल्याने या सर्वांना शीर्षपाद म्हणतात. वंशाने ते मृदुकाय, म्हणजे गोगलगाय, शिंपले आणि कालवे यांचे आप्त. शिंपल्याच्या कुळात जन्मलेल्या या प्राण्यांनी बुद्धीच्या बाबतीत मात्र कुळाची रीत पार मोडली.

औषधाच्या पुडीतून किंवा ताटातून आपण त्यांना ओळखतो ती ओळख मेल्यानंतरची. जिवंतपणी ते कसे राहतात आणि कसे वागतात, हे जाणून घ्यायला माणसाला दोन हजार तीनशे वर्षे लागली. त्या ओळखीचा इतिहास येथे सांगण्याचा विचार आहे. त्यात एक थोर विद्वान आहे, एक शिवणकाम करणारी स्त्री आहे, समुद्रकाठची एक प्रयोगशाळा आहे आणि फार घाईने दिला गेलेला एक निकालही आहे.

तो निकाल दिला ॲरिस्टॉटलने. इसवी सनापूर्वी ३८४ ते ३२२ हा त्याचा जीवनकाळ. प्लेटोच्या मृत्यूनंतर अथेन्स सोडल्यावर त्याने काही काळ ईजियन समुद्रातील लेस्बॉस बेटावर काढला. त्या बेटाच्या पोटात शिरलेली एक शांत, उथळ खाडी आहे. तिच्या काठच्या कोळ्यांकडून माहिती घेत आणि स्वतः पाहत त्याने प्राण्यांविषयी ज्या नोंदी केल्या, त्या आजही अचंबित करतात. ऑक्टोपस आजूबाजूच्या दगडांसारखा रंग धारण करून भक्ष्य पकडतो आणि घाबरला तरी रंग बदलतो, हे त्याने लिहून ठेवले. तो आपल्या बिळात खाद्याचा साठा करतो आणि खाऊन झाल्यावर खेकड्यांची कवचे, माशांचे काटे बाहेर टाकून घर नीटनेटके ठेवतो, हेही त्याने टिपले. मादी अंडी घातल्यानंतर क्षीण होते आणि या प्राण्याचे आयुष्य फार थोडे असते, हेही त्याच्या ध्यानात आले होते. सेपिया शाई सोडते ती केवळ भीतीने नव्हे, लपण्यासाठीही सोडते. म्हणून या कुळात तीच सर्वांत धूर्त, असा त्याचा अभिप्राय होता.

इतके सारे नेमके पाहणाऱ्या या माणसाने ऑक्टोपसला मात्र मूर्ख ठरवले. कारण काय, तर पाण्यात हात घातला की तो पळून न जाता हाताजवळ येतो. शहाणा प्राणी माणसापासून दूर राहील, हे गृहीत धरले की निकाल आपोआप लागतो. हा प्राणी जवळ येतो म्हणजे त्याला काहीतरी जाणून घ्यायचे असेल, ही शक्यता त्या महान निरीक्षकाच्या मनात आली नाही. ती यायला फार मोठा काळ जावा लागला.

कोळ्यांचे म्हणणे ॲरिस्टॉटलने ऐकले, पण प्रत्येक वेळी मानले नाही. ऑक्टोपसच्या नराचा एक बाहू इतरांहून वेगळा असतो आणि मीलनाच्या वेळी तो त्याचा उपयोग करतो, असे कोळी सांगत. ॲरिस्टॉटलने ते नोंदवले; मात्र तो बाहू केवळ आधारासाठी असावा, प्रजननाशी त्याचा संबंध नसावा, असे त्याचे मत पडले. या मुद्द्यावर कोळी बरोबर होते. विद्वानांना ते पटायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ती हकीकत पुढे येईलच.

ॲरिस्टॉटलनंतर चारशे वर्षांनी रोमन ग्रंथकार प्लिनी याने एक चमत्कारिक कथा सांगितली. दक्षिण स्पेनमधील कार्तेया येथे मासे खारवण्याची उघडी टाकी होती. एक प्रचंड ऑक्टोपस रात्री समुद्रातून वर येई, कुंपणाशेजारच्या झाडाचा आधार घेऊन आत उतरे आणि खारवलेले मासे फस्त करी. अखेर राखणीच्या कुत्र्यांनी त्याला हेरले. त्याचे बाहू तीस फूट लांब होते, असे प्लिनी म्हणतो. आकाराची अतिशयोक्ती सोडून दिली, तर या कथेत तथ्याचा अंश आहे. १८७५ साली हेन्री ली या इंग्रज लेखकाने ऑक्टोपसवर लिहिलेल्या पुस्तकात ब्रायटनच्या मत्स्यालयातील प्रकार दिला आहे. तेथील एका टाकीतून मासे एकेक करून नाहीसे होऊ लागले. शेजारच्या टाकीतील ऑक्टोपस रात्री भिंत ओलांडून जात होता आणि शिकार करून आपल्या जागी परतत होता. २०१६ साली न्यूझीलंडमधील नेपियरच्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या झाकणाच्या फटीतून बाहेर पडला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात निघून गेला. अंगात हाड नसल्यामुळे, कठीण चोच आत शिरेल एवढी फट त्याला पुरते.

परंतु प्लिनीच्या वाचकांना त्या कथेतली चतुराई दिसली नाही. तीस फुटांचे बाहू तेवढे दिसले. पुढची अनेक शतके या कुळाची ओळख राक्षस म्हणूनच राहिली. नाविकांच्या गप्पांत जहाजे ओढून नेणारे बाहू आले. १८५७ साली डॅनिश शास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप याने किनाऱ्याला लागलेल्या अवशेषांवरून या दंतकथांच्या मुळाशी महाकाय स्क्विड आहे हे दाखवून त्याला आर्किट्युथिस हे शास्त्रीय नाव दिले. १८६१ साली कॅनरी बेटांजवळ आलेक्ताँ या फ्रेंच युद्धनौकेला असा एक स्क्विड पाण्यावर आढळला. खलाशांनी त्याला दोराने वर ओढू पाहिले. हाती शेपटाकडचा तुकडा तेवढा आला. या घटनेचा उपयोग ज्यूल व्हर्नने पाणबुडीच्या आपल्या प्रसिद्ध कादंबरीत केला. भा. रा. भागवतांच्या लेखणीतून मराठीत आलेला व्हर्न ज्यांनी शाळकरी वयात वाचला, त्यांच्या मनात या प्राण्याविषयी भयच अधिक राहिले असेल, तर त्यात नवल नाही. या स्क्विडची खोल समुद्रातील, जिवंतपणीची पहिली छायाचित्रे मात्र जपानी संशोधकांना २००४ साली, सुमारे ९०० मीटर खोलीवर मिळाली. राक्षसाची कीर्ती शतकानुशतके आधी पोहोचली. प्राणी फार उशिरा भेटला.

भय आणि तिरस्कार बाजूला ठेवून या कुळाकडे धीराने पाहणारी पहिली व्यक्ती म्हणून एका स्त्रीचे नाव घ्यावे लागते. झान व्हिलप्रो ही फ्रान्समधील ज्युयाक या खेड्यात १७९४ साली जन्मली. वडील चर्मकाम करून जोडे शिवत. सतरा-अठरा वर्षांची असताना ती पॅरिसला गेली आणि शिवणकाम करू लागली. १८१६ साली सिसिलीच्या राजकन्येच्या विवाहवस्त्रावरील भरतकाम तिच्याकडे आले आणि तिचे नाव झाले. जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी १८१८ साली विवाह झाल्यावर ती सिसिलीतील मेसिना या बंदरात राहावयास आली. विज्ञानाचे रीतसर शिक्षण तिला नव्हते. घराबाहेर समुद्र होता, हातात सुईदोऱ्याने आलेली चिकाटी होती. तेवढ्या भांडवलावर तिने बेटाचा निसर्ग अभ्यासायला घेतला.

तिच्यासमोरचा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या काळापासूनचा होता. ऑक्टोपसच्या कुळात आर्गोनॉट नावाचा एक प्राणी आहे. त्याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या, सुबक शंखात बसून तरंगते. शंख शरीराला चिकटलेला नसल्यामुळे तो तिचा स्वतःचा, की संन्यासी खेकड्याप्रमाणे दुसऱ्या कुणाचा बळकावलेला, यावर विद्वानांत वाद होता. मेलेल्या नमुन्यांवरून तो मिटणे शक्य नव्हते. झान पॉवरने १८३२च्या सुमारास काचेच्या टाक्या आणि समुद्रात सोडावयाचे पिंजरे करवून घेतले, आर्गोनॉट जिवंत ठेवले आणि त्यांचे शंख जागोजागी फोडून काय होते ते पाहिले. मादी आपल्या दोन रुंद, पडद्यासारख्या बाहूंनी भेगेवर हात फिरवी आणि त्या बाहूंतून पाझरणाऱ्या द्रव्याने ती बुजवून टाकी. अगदी लहान पिले वाढवून, त्यांच्या अंगावर शंख कसा तयार होतो हेही तिने पाहिले. शंख उसना नव्हता, घरचाच होता. तिच्या या निष्कर्षांना लंडनमध्ये रिचर्ड ओवेनसारख्या मान्यवर शास्त्रज्ञाने उचलून धरले. पुढे तिचा मोठा संग्रह व कागदपत्रे नेणारे जहाज बुडाले आणि बरीच वर्षे तिचे नाव मागे पडले. आज घरोघरी दिसणाऱ्या काचेच्या मत्स्यटाकीच्या आद्य निर्मात्यांत तिची गणना होते. शिंपला पूर्ण उघडण्याची वाट पाहत बसलेला आणि तो मिटू नये म्हणून मध्ये दगड सरकवणारा ऑक्टोपसही तिने नोंदवून ठेवला आहे.

आर्गोनॉटचा आणखी एक पेच याच काळात सुटला. मादीच्या शंखात पुष्कळदा एक वळवळणारा, चूषकांच्या रांगा असलेला जीव सापडे. थोर फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १८२९ साली त्याला परोपजीवी कृमी समजून हेक्टोकोटिलस, म्हणजे शंभर पेल्यांचा, असे नाव दिले. १८५०च्या दशकात उलगडा झाला. आर्गोनॉटचा नर जेमतेम बोटाच्या पेराएवढा असतो आणि मीलनाच्या वेळी त्याचा शुक्रवाहक बाहू तुटून मादीजवळ राहतो. तोच हा ‘कृमी’. ग्रीक कोळी जे सांगत होते त्याचा हा अखेरचा पुरावा. चुकून दिलेले नाव त्या बाहूला शास्त्रात कायम राहिले आहे.

झान पॉवर १८७१ साली वारली. त्याच्या पुढच्याच वर्षी मेसिनाच्या उत्तरेस, नेपल्सच्या समुद्रकाठच्या बागेत, आंटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने सागरी संशोधनकेंद्राची उभारणी सुरू केली. खालच्या मजल्यावर लोकांसाठी मत्स्यालय, वर प्रयोगशाळा. निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांनी वार्षिक शुल्क भरून तेथील एकेक टेबल घ्यावे आणि आपले संशोधक पाठवावेत, अशी त्याची व्यवस्था होती. रोज पहाटे कोळ्यांच्या होड्यांतून जिवंत प्राणी येत. ज्या सागराच्या दुसऱ्या टोकाला ॲरिस्टॉटलने हात पाण्यात घातला होता, त्याच सागराच्या काठी ऑक्टोपसच्या बुद्धीची फेरतपासणी होणार होती.

त्याआधी स्क्विडने माणसाला त्याच्या स्वतःच्या शरीराविषयी एक मोठा धडा दिला. जे. झेड. यंग हा तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ नेपल्सला येऊन काम करीत असे. स्क्विडच्या शरीरातील ज्या जाड, पारदर्शक नळ्या रक्तवाहिन्या वाटत, त्या वस्तुतः मज्जातंतू आहेत, हे त्याने १९३०च्या दशकात सिद्ध केले. माणसाचा जाडातला जाड मज्जातंतूही मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच भरतो. स्क्विडचा हा तंतू एक मिलिमीटरपर्यंत जाड असतो. त्याचे कारण स्क्विडच्या पळण्यात आहे. संकट येताच तो शरीराभोवतीचे स्नायूंचे आवरण एकदम आवळतो आणि आतले पाणी नळीवाटे पिचकारीसारखे बाहेर फेकून उलट दिशेस झेपावतो. आवरणाचे सर्व भाग एकाच क्षणी आवळले पाहिजेत. म्हणून दूरच्या स्नायूंकडे जाणारा तंतू अधिक जाड, कारण जाड तंतूतून संदेश अधिक वेगाने जातो. हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी १९३९ साली प्लिमथ येथे या तंतूच्या आत सूक्ष्म विद्युतअग्र घालून संदेशाचे प्रत्यक्ष मापन केले. लगेच महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्धानंतर ते पुन्हा त्याकडे वळले आणि १९५२ साली मज्जातंतूंतील संदेशवहनाचे गणित त्यांनी मांडले. १९६३ साली त्यांना एक्लस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मज्जातंतूंतून संवेदना कशी धावते, याचे आजचे ज्ञान त्या म्हाकुळाच्या पाठीवर उभे आहे.

युद्ध संपल्यावर यंग नेपल्सला परतला. बी. बी. बॉयकॉट या सहकाऱ्याबरोबर त्याने ऑक्टोपसची शिकवणी सुरू केली. टाकीच्या एका टोकाला विटा रचून ऑक्टोपससाठी घर केलेले असे. दुसऱ्या टोकाला दोऱ्याने खेकडा सोडला की ऑक्टोपस झडप घाली. मग खेकड्यासोबत एक पांढरी पट्टी सोडायची आणि त्या वेळी झडप घातली तर विजेचा सौम्य झटका द्यायचा. थोड्याच प्रयत्नांत ऑक्टोपस नुसता खेकडा पकडू लागे आणि पट्टीसह आलेल्या खेकड्याला घरातूनच न्याहाळत बसे. दिवस उलटले तरी हा धडा त्याच्या ध्यानात राही. मेंदूचा वरचा एक विशिष्ट भाग काढून टाकला, तर मात्र तो नवे काही लक्षात ठेवू शकत नसे; म्हणजे स्मरणाची जागा मेंदूत दाखवता येत होती. हे प्रयोग आज वाचताना मन अस्वस्थ होते. परंतु ‘मूर्ख’ हा शेरा शास्त्राच्या वहीतून कायमचा खोडला गेला तो याच कामामुळे, हेही मान्य करावे लागते.

त्यानंतरच्या संशोधनाने या प्राण्याचे जे चित्र उभे केले आहे ते थक्क करणारे आहे. त्याच्या शरीरात सुमारे पन्नास कोटी मज्जापेशी आहेत. त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश मेंदूत नसून बाहूंत आहेत. प्रत्येक बाहू बऱ्याच अंशी आपला कारभार आपण पाहतो. हृदये तीन: दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलणारी, एक सर्व शरीरासाठी. रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य आहे, त्यामुळे ते निळसर दिसते. त्वचेतील असंख्य रंगपिशव्यांभोवती स्नायू असतात आणि त्यांना थेट मेंदूची आज्ञा पोहोचते; म्हणून क्षणार्धात रंग पालटतो. गंमत अशी की, रंगांचा हा बादशहा स्वतः बहुधा रंगांध आहे. त्याच्या डोळ्यांत एकाच प्रकारचे प्रकाशग्राही द्रव्य असते. इंडोनेशियाच्या समुद्रातील एका जातीचे ऑक्टोपस माणसांनी टाकलेल्या नारळाच्या करवंट्या पोटाखाली धरून, बाहूंच्या टोकांवर अवघडल्यासारखे चालत त्या दूर नेतात आणि गरज पडली की दोन करवंट्या जोडून आत लपतात. हे निरीक्षण २००९ साली प्रसिद्ध झाले. आत्ता उपयोग नसलेली वस्तू पुढच्या उपयोगासाठी वाहून नेणे, हे साध्या प्राण्याचे काम नव्हे.

चूषकांना केवळ स्पर्श कळतो असे नाही, चवही कळते. तेव्हा पाण्यात घातलेल्या हाताजवळ येऊन ऑक्टोपस एखादा बाहू त्यावरून फिरवतो, त्या वेळी तो हाताळतोही आणि चाखतोही. शिंपल्याच्या वंशात कवच टाकून देणारा हा जीव. कवचाची सुरक्षितता गेली, मग प्रत्येक नव्या वस्तूची पारख करणे हाच जगण्याचा मार्ग उरला. तो हाताजवळ का येतो, याचे उत्तर इथे सापडते. ॲरिस्टॉटलने मूर्खपणाचा पुरावा म्हणून जे दिले, ते कुतूहलाचे लक्षण होते.

इतकी बुद्धी असूनही या प्राण्याने तिच्यातून पुढे काही उभे का केले नाही, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्याच्या मातृत्वात आहे आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत हृदयस्पर्शी भाग तोच आहे.

भूमध्य समुद्रातील सामान्य ऑक्टोपस साधारण वर्ष-दोन वर्षे जगतो. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, पण ती लाखाच्या घरात असतात. तांदळाच्या दाण्यासारखी ती अंडी ती धाग्यांत ओवते आणि गुहेच्या छताला त्यांच्या माळा टांगते. मग ती तिथून हलत नाही. अंड्यांवरून बाहू फिरवून घाण काढते, नळीवाटे ताज्या पाण्याचा झोत सोडते, शत्रू आला तर त्याला पिटाळते. काही आठवडे, पाणी थंड असेल तर काही महिने, हे चालते. या काळात ती अन्नाला जवळजवळ शिवत नाही. अंगाचा रंग उतरतो, स्नायू झिजतात. पिले बाहेर पडतात आणि त्याच सुमारास ती मरते. नराचा अंतही मीलनानंतर लवकरच होतो. कॅलिफोर्नियाजवळील माँटेरेच्या खोल दरीत सुमारे १४०० मीटर खोलीवर एका जातीची मादी संशोधकांना २००७ साली एका खडकावर अंडी सांभाळताना दिसली. ते पुन:पुन्हा गेले. दर वेळी ती तिथेच होती. २०११ साली गेले तेव्हा अंड्यांची फुटलेली टरफले उरली होती, ती नव्हती. तब्बल ५३ महिने तिने ते राखण केले होते आणि एकदाही ती खाताना दिसली नाही.

हा मृत्यू केवळ थकव्याने येतो असेही नाही. १९७७ साली वोडिन्स्की या अमेरिकन संशोधकाने एका छोट्या जातीच्या माद्यांच्या डोळ्यांजवळील दोन ग्रंथी अंडी घातल्यानंतर काढून टाकल्या. त्या माद्यांनी अंडी राखणे सोडले, पुन्हा खाऊ लागल्या, वाढू लागल्या आणि पुष्कळ अधिक जगल्या. म्हणजे मरणाची आज्ञा शरीरातच लिहिलेली आहे. कवच गमावलेल्या प्राण्याला शत्रू इतके की, दीर्घायुष्याचा भरवसा धरून चालत नाही. म्हणून निसर्गाने त्याचे सारे बळ एकाच प्रसूतीत खर्ची घातले, असा तर्क शास्त्रज्ञ मांडतात.

याचा परिणाम असा की, ऑक्टोपसला आई कधी भेटत नाही. काही मिलिमीटरांचे पिलू प्रवाहाबरोबर वाहत जाते. त्यातून वाचलेले थोडे एके दिवशी तळाशी उतरतात आणि प्रत्येक जण एकटा, पहिल्यापासून शिकू लागतो: खेकडा कसा धरावा, शिंपला कसा उघडावा, कोणापासून लपावे. १९९२ साली नेपल्समध्येच फिओरितो व स्कोत्तो यांनी असा प्रयोग प्रसिद्ध केला की, शिकवलेला ऑक्टोपस दोन चेंडूंपैकी ठरावीक चेंडू उचलताना शेजारच्या टाकीतून दुसऱ्याने पाहिले, तर तोही तोच चेंडू निवडतो. या प्रयोगावर मतभेद झाले. पण तो खरा धरला, तर दुसऱ्याकडून शिकण्याची शक्ती त्याच्यात आहे. शिकवणारे मात्र त्याच्या वाट्याला येत नाही. वर्षभरात कमावलेले सारे शहाणपण त्याच्याबरोबरच संपते आणि पुढचा ऑक्टोपस पुन्हा श्रीगणेशा गिरवतो.

अलीकडे या प्राण्याविषयी माणसाच्या वर्तनातही फरक पडला आहे. प्रयोगातील प्राण्यांना वेदना कमीत कमी व्हाव्यात म्हणून युरोपीय संघाने २०१० साली जे निर्देश काढले, त्यांत शीर्षपादांचा समावेश केला. ब्रिटनने २०२२ साली कायद्याने त्यांना संवेदनशील जीव मानले. २०२४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी ऑक्टोपसच्या शेतीला बंदी घातली. ज्याच्यावर मूर्खपणाचा शिक्का होता, त्याला सुखदुःख आहे इतके तरी कायद्याच्या दारात मान्य झाले.

हा इतिहास वाचताना आमच्या मनात पुन:पुन्हा येत राहिला तो मात्र बाळगुटीचा डबा. आमच्या घराण्यांनी देश सोडून पिढ्या झाल्या. परमुलुखात आल्यावर पूर्वजांना इथले पाणी, इथली भाषा, इथली माणसे नव्याने शिकावी लागली. पण सारेच नव्याने शिकावे लागले नाही. आजी होती. कोणते मूळ किती वेढे उगाळायचे, ओवीची चाल कशी, कुळाचार कोणता, आणि समुद्रापासून इतक्या दूर राहूनही समुद्रफेनाची पूड कशासाठी, हे तिला तिच्या सासूकडून आणि आईकडून मिळाले होते. त्यातले काही बरोबर होते, काही चूक. तो तुकडा फेसाचा नव्हे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ते सांगायला मेसिनाची शिंपीण आणि नेपल्सचे शास्त्रज्ञ यावे लागले. तिच्याकडून आलेल्या समजुतीला त्यांच्याकडून आलेली दुरुस्ती जोडता आली, कारण दोन्ही आमच्यापर्यंत पोहोचण्याची काही वाट होती. पन्नास कोटी मज्जापेशींच्या त्या मातेजवळ बुद्धी आहे, माया आहे, प्राण देण्याइतकी निष्ठा आहे. डबा तेवढा नाही, आणि तो उघडून दाखवण्यापुरते आयुष्यही नाही.

आपल्या घरांतले असे डबे आता बहुधा माळ्यावर गेले आहेत. खाली काढले, तर तो पांढरा तुकडा कदाचित अजून सापडेल. नातवंडांच्या हाती तो देताना आजीने सांगितलेला उपयोग तर सांगावाच. तो कोणाच्या पाठीतला आहे, हेही आता सांगता येईल.